त्यांना म्हणावं

घर रिकामं करायला माणूस जातो तेव्हा त्याला वाटतं, उरलंसुरलं सामान खोक्यात भरायचं, झाडू मारायचा, किल्ली द्यायची की संपलं. टपाललाही तसंच वाटलं होतं. शनिवारची दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं आणि तिच्या हातात घडी केलेली खोकी अन् चिकटपट्टीचं भेंडोळं होतं. घाबरावं असं काही म्हणजे काही नव्हतं. तुम्हाला मिट्ट काळोख, रातकिडे, लांबवर रडणारं कुत्रं असलं काही हवं असेल, तर ते माझ्याकडे नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, आणि म्हणूनच ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

टपाल हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं होतं, शाळेत घातलेलं. पण तळमजल्यावर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या काकूनं तिला लहानपणीच हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की लग्न झालं तरी सुटलं नाही. त्याचं कारण तिचे आईवडील. ते एकमेकांशी बोलत नसत. भांडत असत असं समजू नका. भांडायला तरी बोलावं लागतं.

अबोला कशावरून सुरू झाला, ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणे वडिलांच्या बहिणीवरून, कुणी म्हणे आईच्या नोकरीवरून. टपालला समजायला लागलं तेव्हा तो घरात आधीपासूनच होता, जशी भिंत असते तसा. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर. आत शिरलं की लांबट, अरुंद बोळ. डाव्या हाताला वडिलांची खोली, उजव्या हाताला आईची, दारं अगदी समोरासमोर, आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. बोळाला खिडकी नाही, जो काय उजेड यायचा तो स्वयंपाकघरातून. एक खोली आईची, एक बाबांची, मग मुलीची गादी कुठे घालणार? बोळात. तिला ते कधी खटकलं नाही. सगळ्यांच्याच घरी मूल मध्ये झोपत असेल, असं तिला वाटायचं.

दारं पूर्ण कधी उघडत नसत. बोटभर फट असायची आणि फटीतून आवाज यायचा. आई म्हणायची, "त्यांना म्हणावं, बिल भरायचंय." बाबा म्हणायचे, "तिला म्हणावं, मला दिसत नाही का?" चार पावलांवर माणूस बसलंय, त्याला सगळं ऐकू जातंय, तरी निरोप पोरीच्या तोंडून पोचल्याशिवाय पोचला असं धरायचं नाही. असा त्या घराचा कायदा होता. आणि पोर दिवसभर या दारातून त्या दारात. काकू जिन्यात भेटली की विचारायची, "काय गं टपाल, आज किती वाटलंस?" आणि हसायची. हसण्यासारखंच होतं म्हणा, लांबून बघणाऱ्याला.

निरोप मात्र हसण्यासारखे नसत. "तिला म्हणावं, असलं जेवण दारातलं कुत्रंसुद्धा हुंगणार नाही." "त्यांना म्हणावं, तुमच्या आधी मी मेले तर बरं." असली वाक्यं घेऊन ती बोळात उभी राहायची. सात-आठ वर्षांची असेल. गरम दूध आपण या पेल्यातून त्या पेल्यात ओतून निववतो ना, तशी ती ते बोलणं मनातल्या मनात निववायची. मग दुसऱ्या दारात जाऊन सांगायची, "बाबा म्हणाले, मीठ जरा पुढे झालंय. पण चव छान आहे." फटीपलीकडे आई गप्प व्हायची. बाबांनाही पलीकडचं सगळं ऐकू यायचं, पण आपण असं बोललोच नाही म्हणायला बोलावं लागलं असतं, आणि ते तर शक्य नव्हतं. कधी कधी आतून येई, "बरं. त्यांना म्हणावं, उद्या कमी घालते." हे वाक्य निववायला लागायचं नाही. हे खरं असायचं. त्या दिवशी पोर आनंदानं झोपायची.

हळूहळू ती त्यात तरबेज झाली. शेजारचा नवरा जिन्यात बायकोला म्हणाला, "दमली असशील, पड जरा," की ते वाक्य हिनं उचललंच. संध्याकाळी आईच्या दारात: "बाबा म्हणाले, दमली असशील, पड जरा." रेडिओवरचं, बसमधलं, कुणाकुणाच्या घरातलं गोड बोलणं तिनं वेचून आणलं आणि दोघांच्या तोंडी घातलं. वर्षानुवर्षं त्या बोळात एक सुरेख संसार चालला होता, आणि तो चालवणारी पोर गादीची गुंडाळी करून शाळेत जात होती.

आता असं वाढलेलं माणूस मोठं झाल्यावर कसं होतं? वरून छान होतं. नम्र, समजूतदार, कुणाला दुखवणार नाही असं. टपाल एका इस्पितळात कान तपासण्याच्या कामावर लागली. तिथे काचेची एक बंद खोली असते, बाहेरचा टिपूससुद्धा आवाज आत येत नाही. माणसाला आत बसवायचं, कानावर हेडफोन लावायचा, आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. काही माणसं आवाज सोडला नसला तरी बटण दाबतात. खोटारडी नसतात बिचारी. कुणाला नाराज करायचं नाही, ही सवय बोटात मुरलेली असते. टपाल अशी माणसं बरोबर ओळखायची. एकदा गंमत म्हणून बरोबरीच्या बाईनं तिलाच आत बसवलं. टपालनं बटणावर बटणं दाबली. बाहेर येऊन पाहते तर मशीन सुरूच केलेलं नव्हतं. सगळे खूप हसले, तीही हसली, आणि त्या रात्री तिला झोप आली नाही.

झोप तशी नेहमीच येत नसे. दोन माणसं जरा आवाज चढवून बोलली की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. उपाहारगृहात काय खाणार विचारलं की ती समोरच्याकडे बघायची. नवऱ्यानं आग्रहानं तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई भल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" टपाल बराच वेळ विचार करून म्हणाली, "आईला वाटतं, मी बरी आहे. ह्याला वाटतं, नाही." बाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. ती टाळत नव्हती. आत हात घालून शोधत होती आणि हाताला काही लागत नव्हतं.

नवरा चांगला होता, हे सांगायला हवं. थट्टेखोर, सहनशील. "माझं लग्न तुझ्याशी झालंय की तुझ्या सेक्रेटरीशी?" असं म्हणायचा. पण थट्टेलाही अंत असतो. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, त्यानं घर घेतलं, सामानाचा ट्रक पुढे गेला, आणि तरी हिनं येते की नाही ते सांगितलं नाही. "तुला बरं वाटत असेल तर," एवढंच म्हणत राहिली. त्या शनिवारी सकाळी तो शांतपणे म्हणाला, "माझ्या बरं वाटण्याचं सोड. तू आईचं घर आवरून किल्ली देऊन ये. मी खाली गाडीत थांबतो. खाली आलीस की तुझ्या तोंडानं सांग, येतेस की नाही. नाही म्हणालीस तरी चालेल, पण ते तुझं असू दे. या वेळी 'तुला बरं वाटत असेल तर' म्हणालीस तर मी एकटाच जाईन."

तिला जायचं होतं. हे तिला माहीत होतं, आणि असं काही माहीत असणं तिच्या दृष्टीनं नवलच होतं. सबंध वाटेवर ती मनात घोकत होती: मला यायचंय. मला यायचंय. दोनच शब्द. दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा तिनं त्याचा हात दाबला आणि त्यानंही दाबला.

काकू मशीनवर वाकून पडद्याला दुमड घालत होती. चष्म्यावरून बघत म्हणाली, "आलीस गं? वर परत राहायला आलीयेस की काय?"

"नाही हो काकू. आजच किल्ली देतेय. तुमच्याकडेच द्यायचीय."

"मग संध्याकाळी वर बोलत कोण असतं? मला वाटलं तूच." काकूनं दातानं दोरा तोडला. "हळू हळू बोलतात, समजुतीनं. तुमच्या घरातून असलं बोलणं ऐकायची सवय नाही ना, म्हणून लक्षात राहिलं."

"शेजारचं असेल."

"असेल बाई. भिंती काय, कागदाच्या झाल्यात हल्ली."

टपाल जिना चढली. आता तिच्या मनात एक गोष्ट होती जी तिनं डॉक्टरबाईंनाही सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. ती तुम्हाला सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

वडील आधी गेले. झोपेतच. माणसं आली, त्यांना घेऊन गेली. आईनं दाराच्या फटीतून सगळं पाहिलं, पण दार काही उघडलं नाही. संध्याकाळी घर रिकामं झाल्यावर फटीतून आवाज आला, "त्यांना विचार, जेवायचंय का." टपाल बोळात उभी होती. चांगली मोठी, लग्न झालेली बाई. आई, बाबा गेले ना आज, एवढंच म्हणायचं होतं. दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं. ती समोरच्या खोलीत गेली. पलंगावरची चादर काढलेली होती. माणसाला उत्तर द्यायला जितका वेळ लागतो तितका वेळ ती थांबली आणि परत येऊन म्हणाली, "थोडंसंच चालेल म्हणाले."

एकदा सुरू झालं ते सुरूच राहिलं. काम सुटलं की ती आईकडे जायची आणि त्या दोन दारांमध्ये निरोप पोचवायची. आता तर निववायची गरज नव्हती, पलीकडचं सगळं तीच घडवायची. आई शेवटच्या वर्षांत जितकी हसली तितकी आयुष्यात हसली नव्हती. मग आई इस्पितळात गेली. शेवटच्या दिवशी तिनं खूण करून जवळ बोलावलं आणि पुटपुटली, "त्यांना सांग, मी येतेय." कुणीही हात हातात धरून बसलं असतं. टपाल उठली, बस पकडून घरी आली, कुलूप काढून वडिलांच्या रिकाम्या खोलीत उभी राहिली आणि तिनं निरोप सांगितला. परत पोचेपर्यंत आईच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. उत्तर न्यायचं राहूनच गेलं.

घर उघडलं तेव्हा कोंदट वास आला, बंद घराला येतो तसाच. पलंग, कपाटं भंगारवाला आधीच घेऊन गेला होता. स्वयंपाकघरातली भांडी आणि थोडे कपडे, एवढंच काय ते उरलं होतं. तिनं दोन्ही खोल्यांची दारं नीट लावून घेतली, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि टोकाला जाऊन खोकी उघडली. भांडी कागदात गुंडाळताना ती मनातल्या मनात घोकत होती. मला यायचंय. खालून काकूच्या मशीनचा आवाज येत होता, कुठेतरी नळ वाहत होता.

मग मशीन थांबलं. नळही थांबला. तिच्या कामामुळे तिला शांततेची पारख होती. नुसती शांतता वेगळी आणि काचेच्या खोलीतली वेगळी. काचेच्या खोलीत आपलंच रक्त कानात वाजतं. तसं वाजायला लागलं. आणि बोळातून दाढीच्या साबणाचा वास आला. ओल्या, नुकत्याच फेसलेल्या साबणाचा.

तिनं वळून पाहिलं. डावीकडच्या दाराला बोटभर फट होती.

"आलीस का...?" आतून आवाज आला.

आवाज वडिलांचा होता. म्हणजे घोगरेपणा त्यांचा होता. तिच्या हातातलं पातेलं कागदासकट खाली गेलं, पण फारसं वाजलं नाही.

"तिला म्हणावं," आवाज म्हणाला, "ये. मी वाट बघतोय. आणि म्हणावं, दमली असशील... पड जरा."

ती भिंतीला धरून बोळात आली. भीती वाटली का, विचाराल, तर प्रचंड वाटली. पण तिला भूत बोलल्याची भीती वाटली नाही. वडील असं कधी बोललेच नव्हते. जन्मात नाही. हे वाक्य जिन्यातल्या शेजाऱ्याचं होतं, तिनं आठव्या वर्षी उचललेलं. दारामागे जे कोण होतं, त्याच्या तोंडात तिनं घातलेले शब्द तेवढे होते.

समोरच्या दाराची कडी हलली आणि तिथेही फट पडली. आई गुडघ्यांना लावायची त्या मलमाचा वास आला.

"काय म्हणतायत ते?" आईचा आवाज. मऊ. आईचा आवाज इतका मऊ कधी नव्हता.

आणि काय सांगू तुम्हाला, टपालनं सांगितलं. अंगाला कापरं भरलेलं, दात वाजतायत, आणि तोंड आपलं सांगतंय, "ये म्हणाले. वाट बघतायत. दमली असशील, पड जरा, म्हणाले."

"त्यांना म्हणावं, आलेच."

ती वळली. "आलेच म्हणते."

"तिला म्हणावं, सावकाश. मी कुठे पळून चाललोय."

हेही तिचंच, बसमधलं. असे निरोप सुरू झाले आणि थांबेचनात. वर्षानुवर्षांचं सगळं गोड बोलणं, तिनं वेचून, निववून, पुसून दिलेलं, ते दोन्ही फटींतून परत येत होतं आणि तिच्या हातांतून इकडून तिकडे जात होतं. खरं सांगायचं तर भीतीच्या खाली तिला आनंदही होत होता. असे आईबाप तिला हवे होते. हे दोघं खऱ्या दोघांपेक्षा किती तरी चांगले होते. स्वयंपाकघरातला उजेड पिवळा झाला, मग मळकट झाला. खाली कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवला. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा.

तो भोंगा तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग एकदम आठवलं, खाली कोण आहे आणि कशासाठी थांबलंय. ती बोळाच्या मधोमध थांबली. समोरासमोर बोलले हे दोघं, की आपलं काम संपलं, असं तिच्या मनात आलं. इतकी वर्षं हे कसं सुचलं नाही कोण जाणे. तिनं श्वास घेतला आणि दोन्ही हातांनी दोन्ही दारं सताड ढकलली.

डावीकडे रिकामी खोली. पलंगाच्या पायांचे वण फरशीवर. उजवीकडे रिकामी खोली. खिडकीत मेलेली माशी.

"आता तुम्हीच बोला एकमेकांशी," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "मला जायचंय."

मला. हा शब्द त्या बोळात तिनं स्वतःसाठी पहिल्यांदा उच्चारला.

मग डावीकडच्या रिकाम्या खोलीतून, अगदी मधोमधून, आवाज आला. "तिला विचार... कोण बोलतंय?"

टपालनं या वेळी निरोप पोचवला नाही. तरी उजवीकडून उत्तर आलं, "कोण बोलतंय... त्यांना म्हणावं, मला नाही माहीत."

"मी," टपाल म्हणाली. "मी बोलतेय. तुमची मुलगी."

"तिला विचार," डावीकडचा आवाज म्हणाला, गोंधळलेला, पण तसाच गोड, "आपल्याला मुलगी आहे?"

"त्यांना म्हणावं, नाही. असती तर तुम्ही कधीतरी तिचं नाव काढलं असतं."

तेव्हा टपालच्या लक्षात आलं. तिनं त्यांच्या तोंडी मीठ घातलं होतं, काळजी घातली होती, थट्टा घातली होती. जेवलीस का, थंडी आहे, स्वेटर घाल, सगळं घातलं होतं. पण या दोघांनी आपल्याबद्दल एकमेकांना काही विचारावं, पोरगी कशी आहे, झोपते का, बोळात तिला थंडी वाजते का, असं एकही वाक्य तिनं कधी रचलं नव्हतं. तिला सुचलंच नव्हतं. निरोप्या निरोपात नसतो ना. आता या घरात शब्द होते तेवढेच, आणि त्यांत ती कुठेच नव्हती. ती लहान मुलीसारखी रडायला लागली, आणि दोन्ही खोल्या शांतपणे वाट बघत राहिल्या, निरोपाची.

तिनं शेवटचा एक प्रयत्न केला. डोळे पुसून उजव्या दाराशी गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ते म्हणाले, मुलीला आता जाऊ दे."

मग आईचा आवाज आला, हसल्यासारखा. "जाऊ दे की. त्यांना म्हणावं, इथं कुणी कुणाला धरून ठेवलंय?"

तिनं खोकी तिथेच टाकली, पर्स उचलली, दार ओढून कुलूप लावलं. किल्ली दोनदा चुकली. जिना उतरताना मात्र एकेका पायरीगणिक हलकं वाटत गेलं. इतकं हलकं की कठड्याला धरावं लागलं. काकू दुकानाचं शटर अर्धं ओढून बसली होती. टपालनं किल्ली तिच्या हातात ठेवली.

"झालं सगळं?" काकू म्हणाली. "रडलीस होय? रड बाई. घर सोडताना रडावंच."

बाहेर अजून उजेड होता. नवरा गाडीला टेकून उभा होता. तिला बघून तो सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती, आणि ते बघून तिला इतकं बरं वाटलं की ती जवळजवळ धावतच गेली. मला यायचंय. शब्द तयार होते, जिभेवर होते.

"सांग," तो म्हणाला.

"ती येत नाही म्हणते," टपाल म्हणाली.

तो एक पाऊल पुढे आला. "कोण ती?"

तिनं तोंडावर हात ठेवला. काढला. पुन्हा श्वास घेतला. मला, मला, मला. "ती म्हणते," तोंड म्हणालं, नम्रपणे, समजुतीनं, "तुम्ही निघा. वाईट वाटून घेऊ नका. तिला तुमची काळजी वाटते."

ती त्याला 'तुम्ही' कधी म्हणत नसे. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ती मान जोरानं नाही नाही अशी हलवत होती, आणि तोंड बोलत होतं. त्याला काय दिसलं असेल? तेच, जे तो इतकी वर्षं बघत आला होता. नेहमीचंच, फक्त जरा जास्त. त्यानं तिचे खांदे धरले. "हे बघ, मला दुसऱ्या कुणाचं नकोय. तुझं सांग. एकदाच."

"थांबा हं," टपाल म्हणाली. "विचारून येते."

आणि ती वळली. वळायचं नव्हतं, पण पाय वळले. काकूनं शटरखालून वाकून हाक मारली, "अगं किल्ली नाही का न्यायची?" तिला ऐकू आलं, पण थांबता आलं नाही. पहिला मजला, दुसरा मजला. जिन्याच्या खिडकीतून खाली तो दिसला. हात खाली सोडून तो वर बघत होता. मग त्यानं गाडीचं दार उघडलं.

तिसऱ्या मजल्यावर घराचं दार बोटभर उघडं होतं.

फटीतून आवाज आला. तो डावीकडच्या खोलीतला नव्हता, उजवीकडच्याही नव्हता. मधून आला, बोळातून, जिथे ती लग्न होईपर्यंत झोपली तिथून. तरणा, दमलेला, बाईचा आवाज. तो तिचा स्वतःचा होता.

"काय म्हणतायत ते?"

खाली गाडी सुरू झाली. थोडा वेळ नुसतीच घरघरत उभी राहिली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी, मग कोपऱ्यावर वळली आणि ऐकू येईनाशी झाली. टपालनं ते सगळं नीट ऐकलं. मग ते मनातल्या मनात थोडा वेळ निववलं.

"थांबतायत," ती फटीशी तोंड नेऊन म्हणाली. "कितीही वेळ लागू दे, म्हणाले."

आत समाधानाचा सुस्कारा ऐकू आला आणि कुणीतरी तिच्यासाठी दार उघडलं.